‘चालवा, सेट होईल!’ : तापणारा मागचा ब्रेक आणि पॅडचा दोष नसलेली गोष्ट

मोटरसायकलचा मागचा डिस्क ब्रेक धरून राहतो. स्टँडवर चाक ढकललं तर जेमतेम पाव फेरी फिरतं आणि दहा-पंधरा किलोमीटर गेलं की डिस्कजवळ हात नेववत नाही. अशी गाडी गॅरेजात नेली की उत्तर ठरलेलं असतं : ‘पॅड गेलेत, बदलू.’ पॅड बदलले जातात. ब्रेक पुन्हा तापतो. मग दुसरं उत्तर : ‘नवीन आहेत ना, शंभरेक किलोमीटर चालवा, सेट होईल.’ हे दुसरं वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या आत्मविश्वासाने ऐकू येतं, की गाडीवाले निमूटपणे शंभर किलोमीटर चालवतातही.

पॅड सेट होतात हे खरंच आहे. नव्या पॅडचा पृष्ठभाग आणि जुन्या डिस्कवरचे चरे एकमेकांशी जुळायला थोडं अंतर जावं लागतं. पण तोवर ब्रेक कमी लागतो. कमी, जास्त नव्हे! पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नसेल तर त्याचा सेट होण्याशी काडीचा संबंध नाही. ‘घासून घासून पॅड बारीक होतील आणि चाक मोकळं होईल’ ही आशाही फोल आहे. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन पुढे सरकून ती जागा भरून काढतो. डिस्क ब्रेकची रचनाच तशी आहे.

ब्रेक लागतो कसा, हे कोणीही सांगेल. तो सुटतो कसा, हे विचारलं की गडबड होते, आणि आपला सगळा आजार सुटण्याचा आहे. ड्रममध्ये शू मागे ओढायला दणकट स्प्रिंग असते. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. दाब आला की ते किंचित पिळवटतं, दाब गेला की मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे घेतं. एवढ्यावरच भागतं. म्हणून चाक हाताने फिरवताना हलकासा घासल्याचा आवाज येणं हा दोष नाही. चाक अडायला मात्र नको.

सील आपलं काम करणार, पण त्याआधी दाब पूर्ण जायला हवा. तो जातो मास्टर सिलिंडरमधल्या एका बारीक भोकातून, वरच्या टाकीत. पेडल पूर्ण मागे आलं तरच हे भोक उघडं राहतं. पेडलला थोडा ढिलेपणा, म्हणजे फ्री प्ले, ठेवलेला असतो तो यासाठीच. आपल्याकडे मात्र पेडल जरा हललं की ‘ब्रेक लूज आहे, टाइट करून द्या’ अशी फर्माईश होते. मेकॅनिक पुश रॉडचे आटे फिरवून ढिलेपणा काढून टाकतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि भोक कायमचं झाकलं जातं. पेडलची पिन चिखलाने, गंजाने आवळली (पावसाळ्यानंतर हे हमखास), पडल्यामुळे पेडल वाकलं किंवा भोकात जुन्या ब्रेक ऑइलचा गाळ बसला, तरी परिणाम तोच.

पुढचं चक्र दुष्ट आहे. पॅड किंचित घासतात, ऑइल तापतं, तापून फुगतं. परतीची वाट बंद असल्याने ते फुगलेलं ऑइल पॅडच आणखी दाबतं. आणखी घर्षण, आणखी उष्णता. पेडल हळूहळू कडक होतं आणि शेवटी चाक धरलं जातं. गाडी थांबवून अर्धा तास गेला की ऑइल गार होऊन आकसतं, चाक सुटतं. गॅरेजात पोचेपर्यंत सगळं ठाकठीक. मेकॅनिकला काही सापडत नाही आणि काहीतरी करायचं म्हणून तो पॅड बदलतो. जाड, नवे पॅड बसवायला पिस्टन आत ढकलावे लागतात; त्यांचा इतके दिवस बाहेर राहून मळलेला, गंजलेला भाग सीलमधून आत जातो आणि दुखणं वाढतं.

दोष कुठे आहे हे कळायला एक पाना पुरतो. चाक धरलेलं असतानाच कॅलिपरवरचं ब्लीडर निपल, त्याला नळी लावून, अगदी किंचित ढिलं करायचं. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब अडकला होता : मास्टर सिलिंडर, पुश रॉड किंवा आतून सुजलेली जुनी होज तपासा. ऑइल आलं तरी चाक तसंच घट्ट असेल, तर अडचण कॅलिपरमध्येच आहे : पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम आहेत. मग निपल आवळायचं, टाकीतली पातळी पाहायची. तापलेलं ऑइल भाजतं आणि रंग उडवतं, त्यामुळे चष्मा आणि ओलं फडकं हवंच. पेडल मऊ लागलं तर एअर काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

पिना जाम आहेत म्हटलं की ग्रीसचा डबा निघतो, तोच बेअरिंगचा. इथे मात्र ओरडावंसं वाटतं. डॉट ३ आणि डॉट ४ चालणाऱ्या ब्रेकची सीलं ईपीडीएम रबराची असतात आणि खनिज तेल लागलं की ती फुगतात. फुगलेलं सील पिस्टनला मागे घेण्याऐवजी धरून ठेवतं. पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. पेट्रोल-डिझेलने कॅलिपर धुणं, ‘थोडं ऑइल सोडणं’, हेही त्याच माळेतलं.

‘टाकीत ऑइल दिसतंय, मग बदलायचं कशाला?’ कारण ते हवेतलं पाणी शोषतं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११६ या मानकानुसार डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस हवा, सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला जातं आणि ब्रेक नाहीसा होतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात ते दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं, दिसो वा न दिसो.

बरेचदा ब्रेकमध्ये काहीच बिघाड नसतो, पाय पेडलवर विसावलेला असतो. मागचा माणूस ‘तुमचा ब्रेक लाइट चालूच आहे’ असं ओरडून सांगतो, ती फुकटची तपासणी समजा. घाटाच्या उतारावर तर हे आणखी महागात पडतं. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरले, तर खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतच्या सुमारे ५०० मीटर उतारात सुटणारी ऊर्जा जवळपास तीन लिटर साधं पाणी उकळीला आणेल. त्यातला वाटा हवा घेते, इंजिन घेतं. न्यूट्रलवर उतरणारा इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या गळ्यात घालतो, वर पेट्रोल वाचवल्याचं समाधान मिरवतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, थ्रॉटल बंद असताना इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘पुढचा ब्रेक दाबला की पलटी’ : घाईने आवळला तर घसराल, पण थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच करतो, आणि तो न वापरणाऱ्यांचाच मागचा तापतो. ‘एबीएस आहे, जाम होणार नाही’ : एबीएस जोराच्या ब्रेकिंगमध्ये चाक लॉक होऊ देत नाही, अडकलेला पिस्टन सोडवणं त्याचं काम नाही. ‘डॉट ५ म्हणजे डॉट ४ पेक्षा एक पायरी वर’ : ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही, वरची पायरी हवीच असेल तर ५.१. ‘टाकी काठोकाठ भरा’ : मग तापून फुगलेल्या ऑइलने जायचं कुठे? ‘डिस्कवर पाण्याची बाटली ओता’ : डिस्क वाकू शकते, वाफेने हात भाजेल आणि अडकलेला दाब तसाच राहील.

ड्रमवाल्यांनी हसू नये. चेन टाइट करताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर ब्रेक रॉड ताणला जातो आणि पेडलचा ढिलेपणा संपतो. बऱ्याच कम्युटर गाड्यांच्या पुस्तकात हा ढिलेपणा पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर दिलेला असतो. चेन ओढून झाली की मागचा नट फिरवून तो पुन्हा जुळवावा लागतो. गॅरेजातून निघण्याआधी चाक एकदा हाताने फिरवून पाहा. ड्रम गरम होण्याची वाट कशाला पाहायची?