हरारेच्या आज्या आणि बाकावरचे उपचार

आजारपण, कर्ज, मुलांची फी, नवऱ्याचे व्यसन किंवा मारहाण असे ओझे एकाच बाईवर वर्षानुवर्षे राहिले की तिची झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि तेच ते विचार रात्रंदिवस डोक्यात घोळत राहतात. दवाखान्यात ती डोकेदुखी नाहीतर अंगदुखी सांगते. गोळ्या मिळतात, पण मूळ दुखणे कोणी विचारतच नाही. अशा बायकांना वस्तीतल्याच माणसांचा आधार किती उपयोगी पडतो, हे झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या उपक्रमाने मोजमापासह दाखवून दिले आहे.

2005 साली तिथल्या सरकारने शहरांमधील झोपड्या आणि फेरीवाल्यांचे ठेले पाडण्याची मोठी मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे 7 लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. एड्सने आधीच घरे पोखरली होती. साऱ्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मात्र बोटांवर मोजता येतील इतकेच. त्यांपैकी एक डॉ. डिक्सन चिबांडा. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने याच काळात आत्महत्या केली. उपचारासाठी यायला बसभाड्याचे पैसे तिच्या घरच्यांकडे नव्हते. रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचू शकत नसतील, तर उपचारच वस्तीत गेले पाहिजेत, हे त्यांना तेव्हा पटले.

2006 मध्ये म्बारे या गरीब वस्तीत 14 आज्यांना घेऊन काम सुरू झाले. या स्त्रिया आधीपासून आरोग्यसेविका म्हणून दारोदार फिरत होत्या आणि वस्ती त्यांना ओळखत होती. दवाखान्यात खोली रिकामी नव्हती, म्हणून आवारात लाकडी बाक ठेवला गेला. त्याला आधी मानसिक आरोग्याचे नाव दिले होते. अशा बाकावर कोणीही येऊन बसणार नाही, असे आज्यांनीच सांगितले आणि तो मैत्रीचा बाक झाला. वस्तीची नाडी त्यांना डॉक्टरांपेक्षा अधिक कळत होती.

बाकावर नुसत्या गप्पा होत नाहीत. आधी 14 प्रश्न विचारले जातात: गेल्या आठवड्यात झोप लागली का, रडू आले का, जीव नकोसा वाटला का. उत्तर फक्त हो किंवा नाही. मग ती बाई आपल्या साऱ्या अडचणी सांगते आणि आजी मध्ये न बोलता ऐकून घेते. त्यांतली एकच अडचण निवडायची, आणि तीही त्या बाईनेच. समजा, फी थकल्यामुळे मुलाला शाळेतून घरी पाठवले आहे. मग मुख्याध्यापकांना कधी भेटायचे, हप्ते मागायचे का, सोबत कोणाला न्यायचे, हे दोघी मिळून ठरवतात. पुढच्या भेटीत काय झाले ते पाहायचे आणि जमले नसेल तर दुसरी वाट शोधायची. अशा साधारण सहा भेटी होतात. उपदेश न करणे हा या प्रशिक्षणातला कठीण भाग म्हटला पाहिजे, कारण वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी सल्ला आधी येतो. पण एक प्रश्न स्वतःच्या हाताने सुटला की पुढच्या प्रश्नाला भिडण्याचे बळ येते, आणि ते उसन्या सल्ल्याने येत नाही.

भेटी संपल्यावर बायका एका गटात जातात. गोल बसून टाकाऊ प्लॅस्टिकपासून पिशव्या विणायच्या आणि विणता विणता बोलायचे. पिशव्या विकून चार पैसे हाती येतात. आपल्यासारखेच दुसरीलाही सोसावे लागते, हे तिथे कळते आणि मनातली लाज कमी होते.

या कामाची कसोशीने चाचणी झाली. तिचे निष्कर्ष डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. 24 दवाखान्यांतील 573 जणांचा त्यात समावेश होता आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सहा महिन्यांनंतर नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात सुमारे 50 टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणे उरली होती, तर बाकावर बसलेल्यांमध्ये सुमारे 14 टक्के. एवढा फरक पडण्यामागे आज्यांची माया आहेच, पण ठरलेली पद्धत, नियमित देखरेख आणि गरज पडल्यास वरच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय यांचा वाटाही तितकाच मोठा आहे. जिवाला धोका असेल तिथे आजी एकटीने सांभाळत बसत नाही.

याच धर्तीचे काम गोव्यातही झाले आहे. तिथली ‘संगत’ ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. गरोदरपणात नैराश्य आलेल्या स्त्रियांसाठी तिने वस्तीतल्याच अनुभवी आयांना प्रशिक्षण दिले. या ‘सखी’ गरोदर स्त्रीच्या घरी जात आणि बाळंतपणानंतरही सहा महिने भेटत राहत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले, मात्र परिणाम हरारेइतका मोठा नव्हता. गरोदरपणातले नैराश्य पुष्कळदा आपोआपही ओसरते, त्यामुळे तिथे फरक दाखवणे अवघड असते.

महाराष्ट्रात गावोगावी बचत गट आहेत आणि आशाताईही आहेत. बायका एकत्र जमण्याची जागा आहे, ओळख आहे, विश्वास आहे. पण बैठकीचा वेळ बहुधा हप्ते आणि नोंदवह्यांतच जातो, आणि जिचा हप्ता थकला तिला गटाचेच दडपण वाटू लागते. आशाताईंवर आधीच कामांचा ढीग आहे. त्यांच्याकडून हे काम फुकटात करून घेणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येक गावात दोन-तीन जाणत्या स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण आणि मानधन देऊन ही जबाबदारी सोपवणे सरकारला परवडण्याजोगे आहे, आणि ते व्हायलाच हवे.

तोवर ओळखीची एखादी बाई अबोल झाली असेल, झोप गेल्याचे सांगत असेल, तर तिच्याजवळ बसून ऐकून घ्यावे. जगणे नको झाल्याची भाषा ती करत असेल तर तिला एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.