सेप्टिक टँक : उपसा वेळेवर हवा, तोही यंत्रानेच

नारायणगड (जि. बीड), प्रतिनिधी – 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर आषाढी एकादशीला भाविकांची रीघ लागते. अशा डोंगरमाथ्यावर काय किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काय, शहरातल्यासारखी भुयारी गटार योजना पोचणे अवघडच. घरोघरी संडास बांधले गेले. राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणाही एप्रिल २०१८ मध्ये झाली. परंतु संडासाखालच्या टाकीत साठणाऱ्या मैल्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्या घोषणेने सुटला नाही. शहराच्या हद्दीबाहेर नव्या वसाहतीत बंगला बांधणाऱ्यांपुढेही आज तोच प्रश्न उभा आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हे शेजारच्या परभणी जिल्ह्याने पाहिले आहे. सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे ११ मे २०२३ रोजी रात्री सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला. मृत एकमेकांच्या नात्यागोत्यातले होते. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याजवळ वाघोली येथे एका गृहसंकुलाच्या टाकीत तिघांचा असाच अंत झाला. गाव असो वा महानगर, टाकीतला वायू भेद करीत नाही.

हा वायू येतो कोठून? टाकीत आलेल्या मैल्यातील जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले पाणी नळीवाटे शोषखड्ड्यात जाते. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू काम करतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. यांतला शेवटचा अधिक घातक. थोड्या प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असा माणसाचा समज होतो. शिवाय गाळात अडकलेला वायू गाळ ढवळताच एकदम वर येतो. म्हणून झाकण तासभर उघडे ठेवले, तरी आत उतरणे सुरक्षित ठरत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी युक्तीही येथे कामाची नाही. विषारी वायूचा पत्ता तिला लागत नाही आणि मिथेन मात्र पेट घेऊ शकतो. आत पडलेल्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एका टाकीत अनेक बळी जातात, ते बहुधा असेच.

जिवाणू मैला कमी करतात, संपवीत नाहीत. अभियांत्रिकी हिशेबात माणशी वर्षाला सुमारे ७५ लिटर गाळ धरला जातो. पाच माणसांच्या घरात तीन वर्षांत अकराशे लिटरच्या आसपास गाळ जमतो. म्हणूनच दर दोन ते तीन वर्षांनी उपसा करावा, असे सांगितले जाते. आपल्याकडे मात्र 'टाकी एवढी मोठी बांधली की वीस वर्षे बघायला नको' हे अभिमानाने सांगण्याची रीत आहे. अशा टाकीत गाळ घट्ट होत जातो, यंत्राने ओढता येत नाही आणि मग फावडे घेऊन माणूस उतरविण्याची वेळ येते. दरम्यान, जागा न उरल्याने गाळ शोषखड्ड्यात शिरून तोही बुजतो. बाजारात मिळणाऱ्या पावडरी हा उपशाला पर्याय नव्हे. ॲसिड ओतल्याने तर बिचारे जिवाणूच मरतात.

गाळ किती साचला, हे बाहेरून मोजता येते. लांब बांबूच्या टोकाला पांढरे कापड गुंडाळून तो तळापर्यंत उभा सोडावा आणि काही मिनिटांनी काढावा. कापड जेथपर्यंत काळे, तेथपर्यंत गाळ. गाळ आणि वरची साय मिळून टाकीची एक तृतीयांश खोली व्यापली असेल, तर मैला उपसणारी सक्शन गाडी बोलवावी. हे करताना तोंड झाकणावर आणू नये आणि विडी-काडी दूर ठेवावी. झाकणावर फरशी घालण्याची हौस मात्र गाडी आल्यावर महागात पडते. आधी शोधा, मग फोडा. उपशानंतर टाकी घासूनपुसून लख्ख करू नये. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, त्यातूनच जिवाणूंचे विरजण पुढे लागते.

बीडसारख्या काळ्या पाषाणाच्या मुलखात आणखी एक अडचण आहे. अखंड खडकात शोषखड्ड्याचे पाणी मुरत नाही, आणि खडकाला भेगा असल्या तर ते न गाळताच विहिरीकडे किंवा बोअरकडे धावते. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. भेगाळ खडकात तेही पुरेसे ठरेलच असे नाही. दुष्काळी भागात बोअर हाच आधार असताना हे अंतर बांधकामापूर्वीच मोजलेले बरे.

उपसलेला मैला गाडीवाला कोठे रिता करतो, हेही विचारावे. ओढ्यात सोडला, तर तो फिरून आपल्याच पाण्यात येतो. साताऱ्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्या गाळावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही उभारले. टाकी तुंबल्यावर धावाधाव करण्याऐवजी ठरलेल्या वर्षी गाडी दारात येते. मोठ्या ग्रामपंचायतींनी, किंवा चार-पाच गावांनी मिळून, असे करण्यास काही अडचण असू नये. निदान गाडी तरी सामाईक घेता येईल.

सुरक्षा साधनांविना माणसाला टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्यातला शब्द 'कोणतीही व्यक्ती' असा आहे, त्यामुळे केवळ ठेकेदार नव्हे, तर काम सांगणारा घरमालकही त्यात येतो. अशा मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.