गाई-म्हशींचा माज व भरविण्याची योग्य वेळ

माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील खिलार गाय असो वा कृष्णाकाठची संकरित गाय किंवा म्हैस असो, जनावर वेळेवर गाभण राहिले तरच त्याचे पालन किफायतशीर ठरते. एक माज हुकला तर पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. भाकड जनावराची वैरण मात्र चालूच राहते.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय असतो. त्यात द्रवाने भरलेला एक लहान फोड वाढतो व त्या फोडात बीजांड असते. या फोडातील संप्रेरक रक्तात मिसळले म्हणजे जनावर माजावर येते. ते हंबरते, वैरण कमी खाते व काचेसारखा स्वच्छ, चिकट बळस टाकते. दुसरे जनावर अंगावर उडाले असता ते स्थिर उभे राहिले, तर ती माजाची सर्वांत खात्रीची खूण होय.

गाईचा माज साधारणतः १२ ते १८ तास टिकतो. बीजांड मात्र माज संपल्यानंतर सुमारे १० ते १२ तासांनी सुटते व थोडेच तास जिवंत राहते. यास्तव माज सकाळी दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवावी.

म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, विशेषतः उन्हाळ्यात. म्हणून रात्री व पहाटे तिच्यावर लक्ष ठेवावे.

माजानंतर एक-दोन दिवसांनी काही गाई व कालवडी थोडे रक्त टाकतात. ही स्त्रियांसारखी मासिक पाळी नव्हे. स्त्रीचे बीजांड पाळीपूर्वी सुमारे १४ दिवस सुटते व गर्भ न राहिल्यास गर्भाशयाचे अस्तर गळून रक्तस्राव होतो. गाईचे अस्तर असे गळत नाही. तिचे रक्त माज नुकताच होऊन गेल्याचे दर्शविते. गाय गाभण राहिली की नाही, हे त्यावरून ठरत नाही. रक्त दिसल्यावर गाय भरविणे व्यर्थ होय. ती तारीख टिपून १७ व्या दिवसापासून पुन्हा पाळत ठेवावी.

ग्रामसेवकांनी प्रत्येक गोठ्यात माजाच्या व भरविल्याच्या तारखांची नोंद ठेवण्याची सवय लावावी. तीनदा भरवूनही जनावर उलटल्यास ते पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावे.