गोळी दिली, पण ती समजली का?

मुंबईतल्या दर तीन प्रौढांपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २०२१ मध्ये सुमारे सहा हजार मुंबईकरांची पाहणी केली. त्यात ३४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तर १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर होती. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावं, असं संघटना सांगते. मुंबईकराच्या पोटात मात्र साधारण साडेआठ ग्रॅम जातं.

यावरची औषधं जुनी, स्वस्त आणि खात्रीची आहेत. पालिकेच्या दवाखान्यात ती मोफत मिळतात. तरीही अनेकांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही. त्याचं एक कारण म्हणजे ओपीडीतल्या मोजक्या मिनिटांत सांगितलेलं घरापर्यंत पोहोचत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असं डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेताना नोंदवलं होतं.

ही दरी भरून काढण्यासाठी प्राथमिक आरोग्यसेवेत ‘हेल्थ कोच’ ही भूमिका पुढे आली. हेल्थ कोच डॉक्टर नसतो. डॉक्टरांनी सांगितलेलं रुग्णाला कळलं का, पटलं का आणि जमेल का, हे तो पाहतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गरीब वस्तीतल्या दवाखान्यांत साध्या वैद्यकीय मदतनिसांना ४० तासांचं प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं गेलं. ४४१ रुग्णांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर, ज्यांना कोच मिळाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या मधुमेहींची साखर ठरवलेल्या पातळीवर आली होती. इतरांमध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं.

या प्रशिक्षणात शिकवतात काय? घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरचं एक घर डोळ्यांसमोर आणा. साठीच्या काकू, बीपी १६० च्या वर, आणि समोर हे प्रशिक्षण घेतलेली आरोग्यसेविका.

‘‘काकू, गोळी कशी घेता?’’

‘‘डोकं जड झालं की घेते गं. रोज कशाला उगाच?’’

इथे ‘‘असं करू नका, रोज घ्या’’ असं बजावून पुढच्या घरी जाणं सोपं असतं. प्रशिक्षित सेविका आधी काकूंना काय माहीत आहे ते विचारते. मग एवढंच सांगते, ‘‘बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नसतानाही हृदयावर आणि किडनीवर ताण पडतच असतो.’’ त्यानंतर पुन्हा प्रश्न, ‘‘आता मला सांगा, उद्या बरं वाटलं तर गोळीचं काय कराल?’’ काकूंनी आपल्या शब्दांत नीट उत्तर दिलं, तरच सांगणं पूर्ण झालं.

मग मिठाचा विषय. ‘‘लोणचं-पापड बंद’’ असा हुकूम न सोडता सेविका विचारते, ‘‘यातलं काय कमी करणं जमेल?’’ काकू म्हणतात, ‘‘पापड फक्त रविवारी.’’ ‘‘दहापैकी किती खात्री?’’ ‘‘पाच.’’ उत्तर सातच्या खाली असेल, तर बेत लहान करायचा, हा या प्रशिक्षणातला नियम. पापड एक दिवसाआड ठरतो आणि खात्री आठवर जाते. लहान बेत पार पडला की पुढचा उचलायचं बळ येतं.

मुंबईला यासाठी नवी माणसं शोधायची गरज नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पालिकेच्या हेल्थ पोस्टच्या आरोग्यसेविका वर्षानुवर्षं दारोदार फिरताहेत. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षयरोग, कोविड, सगळं त्यांनी पेललं. आता तिशीपुढच्या लोकांची बीपी-साखरेची तपासणीही त्यांच्याकडे आहे. दक्षिण आशियातला अनुभवही हेच सांगतो. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० गावांत आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बीपी मोजलं, जीवनशैलीबद्दल सल्ला दिला आणि गरजेप्रमाणे रुग्णांना प्रशिक्षित डॉक्टरांकडे पाठवलं. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत तिथे वरचा रक्तदाब सरासरी पाच अंकांनी जास्त उतरला. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

पण नुसत्या समजावण्याने सगळं होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत साखर उतरली, रक्तदाबात मात्र ठळक फरक पडला नाही. गोळीचा डोस वेळेवर वाढवणारा डॉक्टर आणि औषधांचा अखंड पुरवठा पाठीशी हवाच. सेविकेला मानधनावर राबवून, रजिस्टरं भरायला लावून, वर हे कामही तिच्या माथी मारलं तर तेही कागदावरच राहील. तिला रीतसर प्रशिक्षण, एका घरात पंधरा मिनिटं बसण्याइतका वेळ आणि कामाला साजेसं वेतन मिळायला हवं.

आपल्या हातातही काही आहे. सेविकाताई दारात आल्या की ‘‘आमच्याकडे सगळे ठीक आहेत’’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. तिशी उलटली असेल तर बीपी मोजून घ्या, घरातल्या सगळ्या गोळ्या त्यांच्यासमोर ठेवा आणि कोणती गोळी कशासाठी, हे न लाजता विचारा.