‘मला माहीत नव्हते’: पटण्याजोग्या इन्काराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या गैरकृत्याविषयी राजकीय नेत्याने कानांवर हात ठेवले की तो खरे बोलतो की खोटे, एवढाच प्रश्न चर्चेत येतो आणि ‘प्लॉझिबल डिनायेबिलिटी’ या संज्ञेचा अर्थही सफाईदार खोटे बोलणे असाच घेतला जातो. हा सर्वांत मूलभूत गैरसमज होय. ‘पटण्याजोगा इन्कार’ असे जिला मराठीत म्हणता येईल त्या या संकल्पनेचा खरा संबंध घटना घडण्यापूर्वीच केलेल्या व्यवस्थेशी आहे. आदेश तोंडी आणि मोघम शब्दांत द्यायचा, कागदावर सही राहू द्यायची नाही आणि हाताखालच्यांनी वरिष्ठांची इच्छा ओळखून, तपशील त्यांच्यापर्यंत न नेता काम तडीस न्यायचे, अशी ही व्यवस्था असते. तिच्यात नेत्याचा नकार अक्षरशः खराही असू शकतो, आणि म्हणूनच ती साध्या खोटेपणाहून अधिक घातक आहे.

सर्वोच्च नेत्याला स्वतःच्या देशातील प्रश्नकर्त्यांपासून वाचवण्यासाठीच ही सोय निर्माण झाली, असेही समजले जाते. मूळ दस्तऐवजातून मात्र वेगळे चित्र दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १८ जून १९४८ रोजी काढलेल्या १०/२ क्रमांकाच्या निर्देशात गुप्त कारवायांची आखणी अशी असावी असे म्हटले होते, की त्यांमागील सरकारचा हात बाहेरच्यांना दिसू नये आणि कारवाई उघडकीस आलीच तर सरकारला पटण्याजोग्या रीतीने जबाबदारी नाकारता यावी. हा बचाव राष्ट्राचा होता आणि तो परकीयांसमोर करायचा होता. तोही फार भक्कम नव्हता. १ मे १९६० रोजी सोव्हिएत हद्दीत पाडलेले यू-२ विमान हवामान-संशोधनाचे होते, असे अमेरिकेने जाहीर केले. परंतु वैमानिक जिवंत हाती लागल्याचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी उघड करताच ते विधान कोसळले आणि काही दिवसांतच अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हेरगिरीच्या उड्डाणांची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारावी लागली.

राष्ट्रासाठीचा हा बचाव पुढे व्यक्तीसाठी कसा वापरला गेला, याची सर्वांत सखोल तपासणी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने केली. परकीय नेत्यांच्या हत्येच्या कटांवरील तिचा अहवाल नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. हत्येचा थेट उच्चार टाळून आडवळणाने बोलण्याची रीत प्रशासनात इतकी मुरली होती, की काय ठरले आणि कोणी ठरवले हे पुढे बोलणाऱ्यांनाही खात्रीने सांगता येईना; कोणत्या पातळीवरून मंजुरी मिळाली, याचा निर्णायक निष्कर्ष काढणे समितीला कठीण गेले. कनिष्ठ स्वतःच्या अंदाजाने पुढे गेला की वरिष्ठाच्या इच्छेने, हे कायमचे अंधारात राहणे ही या पद्धतीची सर्वांत मोठी हानी आहे, कारण त्यामुळे निरपराध नेत्यालाही आपले निरपराधत्व सिद्ध करता येत नाही.

कनिष्ठ आपणहून पडदा धरतो तेव्हा नेता निर्दोष ठरतो, या समजुतीची कसोटी इराण-कॉन्ट्रा प्रकरणात लागली. इराणला विकलेल्या शस्त्रांचा नफा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळवला गेला होता. माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी जुलै १९८७ मध्ये काँग्रेसच्या समित्यांपुढे सांगितले, की या व्यवहाराला आपण मान्यता दिली आणि पुढे इन्कार करता यावा म्हणून अध्यक्ष रेगन यांना तो जाणूनबुजून कळवला नाही. गुप्त कारवाईस अध्यक्षांची संमती बंधनकारक करणारा कायदा १९७४ पासून होता. तरीही शस्त्रव्यवहारासंबंधीचे, रेगन यांनी सही केलेले एक संमतिपत्र पॉइंडेक्स्टर यांनी फाडून टाकले होते. समित्यांनी आपल्या अहवालात अंतिम जबाबदारी अध्यक्षांवरच ठेवली आणि सल्लागार काय करत आहेत हे त्यांना माहीत नसेल, तर ते माहीत असायला हवे होते, असे बजावले. पॉइंडेक्स्टर यांची शिक्षा अपिलात रद्द झाली, पण खटल्याला तोंड द्यावे लागले ते त्यांना, रेगन यांना नव्हे. संमती आधीच आणि लेखी हवी, हा दंडक १९९१ मध्ये कायद्यात आला.

अज्ञान आणि निर्दोषत्व एकच मानण्याची चूक भारतातही होते. वस्तुतः फौजदारी अपराधासाठी ज्ञान किंवा हेतू सिद्ध करावा लागत असला, तरी संसदीय उत्तरदायित्वाला ती अट नाही. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांच्या भागांमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली. व्यवहाराला आपली संमती नव्हती, ही अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची भूमिका आयोगापुढे टिकली नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असून त्याला सचिवाआड लपता येत नाही, असे छागला यांनी नि:संदिग्धपणे म्हटले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी पायउतार झाले. पटण्याजोग्या इन्काराला याहून नेमके उत्तर भारतीय प्रशासनाच्या इतिहासात क्वचितच मिळाले असेल.

तोंडी आदेश पाळण्यावाचून अधिकाऱ्याला गत्यंतर नसते, हा समजही नियमांना धरून नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी हवा आणि तोंडी दिला गेल्यास त्याची लेखी पुष्टी मिळवणे हे कनिष्ठाचे कर्तव्य आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी सूचनांची नोंद ठेवण्याची गरज पुन्हा अधोरेखित केली आणि तिचा संबंध माहितीच्या अधिकाराशी जोडला. कारण नस्तीवर जे उतरलेच नाही, ते नागरिकाला अर्ज करूनही मिळू शकत नाही.