गप्प बूथ

कात्रज चौकात उभं राहिलं की शांतता नावाची काही गोष्ट असते हेच विसरायला होतं. स्वारगेटहून खच्चून भरून आलेल्या बस, घाट उतरून आलेले ट्रक, कोंढव्याकडे वळायला धडपडणाऱ्या रिक्षा, आणि निवडणूक असली तर वर भोंगे लावलेल्या प्रचारगाड्या. परक्या माणसाला वाटेल, काही पेटलं तर इथेच पेटणार. पण निवडणुकीत कुठे काय पेटू शकतं याचा अंदाज बांधणारी मंडळी या गोंगाटाकडे फारसं लक्ष देत नाहीत. त्यांचे कान टवकारतात ते एखादा बूथ फारच गप्प असला तर.

हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी चाट पडलो. मागच्या निवडणुकीत ज्या केंद्रावर 90 टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि त्यातली 75 टक्क्यांहून जास्त मतं एकाच उमेदवाराला गेली, ते केंद्र निवडणूक आयोगाच्या निकषांनुसार संवेदनशील यादीसाठी तपासायचं असतं. ज्या आकड्यांचा आपण सत्कार केला असता, नेमके तेच! जरा विचार केला की पटतं. कुणी आजारी असतं, कुणी नोकरीसाठी परगावी गेलेलं असतं, कुणी वारलेलं असतं आणि नाव मात्र यादीत जिवंत असतं. तरीही दहातली नऊ माणसं एका दिवशी एका शाळेत येतात आणि बहुतेकांचं एका बटणावर एकमत होतं. आपल्याकडे चार माणसांच्या घरात संध्याकाळच्या भाजीवर होत नाही. अर्थात एकमत खरंही असेल, उमेदवार त्याच गल्लीत वाढलेला असेल. आकडा कुणावर आरोप करत नाही. कुणीतरी जाऊन बघून या, एवढंच सांगतो.

बघायला जातो तो क्षेत्रीय अधिकारी. एरवी हा पाटबंधारे किंवा कृषी खात्यात फायली हलवणारा माणूस. निवडणुकीपुरती त्याच्याकडे काही बूथ येतात आणि त्याला भीतीचा नकाशा काढायचा असतो. अमुक वस्तीतली माणसं मतदानाला यायला कचरतात का? कुणाला? खोली कुणाची भाड्याने घेतली आहे, काम कुणाकडे करतात, उसने पैसे कुणाचे? यातून दोन याद्या तयार होतात: घाबरू शकणाऱ्यांची आणि घाबरवू शकणाऱ्यांची. दुसरी यादी गुप्त राहते. तिच्यातल्या काहींवर पोलिसांच्या भाषेत चॅप्टर केस होते, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच चांगल्या वागणुकीचा बॉन्ड लिहून घेतला जातो. काही तडीपार होतात. छाननी करून परवान्याची पिस्तुलं ठाण्यात जमा करून घेतली जातात. पहिल्या यादीतल्यांना अधिकाऱ्यांचे फोन नंबर मिळतात. मला सगळ्यात भावलेला भाग मतदानाच्या दिवशीचा: त्या वस्तीतली माणसं रांगेत दिसतात की नाही, हे मुद्दाम पाहायचं असतं. दुपार झाली आणि तिथलं कुणीच आलं नाही, तर तक्रार कुणी केली नसली तरी ती तक्रारच धरायची.

कात्रजमध्ये हा नकाशा आणखी गमतीचा होतो. चौकाच्या एका अंगाची धनकवडी खडकवासला विधानसभेत, म्हणून बारामती लोकसभेत. दुसऱ्या अंगाचा कोंढवा हडपसर विधानसभेत, म्हणून शिरूर लोकसभेत. 2024 साली बारामतीचं मतदान 7 मे रोजी होतं आणि शिरूरचं 13 मे रोजी. मतदानाआधीच्या 48 तासांची प्रचारबंदी आपापल्या मतदारसंघापुरती. भोंग्याच्या आवाजाला कुठे हद्द कळते! आणि त्या वर्षी बारामतीत सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नणंद-भावजय समोरासमोर. अशा लढतीत फूट दोन वस्त्यांमध्ये पडत नाही, एकाच गणेश मंडळात पडते. काल एका टेबलावर बसून स्लिपा लिहिणारे दोघे आज दोन टेबलं मांडतात. ही रेघ कुठल्याही अधिकाऱ्याच्या नकाशात उमटत नाही, असं माझं मत.

ती उमटते रोज भेटणाऱ्यांच्या डोक्यात. हे ओळखलं सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने. 1984 च्या दंगलीने भिवंडी होरपळली होती. 1988 मध्ये खोपडे तिथे उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: त्याच भागातले हिंदू, मुसलमान आणि बीटवरचा पोलीस नियमित एकत्र बसणार, किरकोळ कुरबुरी तिथेच मिटवणार. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी भुयारी नळाने पुण्यात पाणी आणलं, त्या नळावर हवा बाहेर पडायला उच्छ्वास ठेवले होते. मोहल्ला समिती मला तशीच वाटते, कोंडलेलं बाहेर पडायची वाट. हेच खोपडे 2014 मध्ये आम आदमी पक्षातर्फे बारामतीतून लोकसभेला उभे होते, म्हणजे धनकवडीच्या मतदारांपुढच्या यंत्रावर त्यांचं नाव होतं. पडले.

मतदान पार पडलं म्हणजे सुटलो, असंही नाही. केनियात 27 डिसेंबर 2007 चा मतदानाचा दिवस बराचसा शांततेत गेला. 30 तारखेला वादग्रस्त निकाल जाहीर झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत 1,100 हून अधिक माणसं मारली गेली. आपल्याकडे निकालानंतरचा धोका बहुधा लहान असतो, गल्लीच्या मापाचा, आणि त्याचं एक मूळ चक्क यंत्रात आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता यायच्या. यंत्र आलं आणि प्रत्येक बूथचा आकडा वेगळा उघडा पडू लागला, म्हणजे राग कुणावर काढायचा तेही कळू लागलं. यावर टोटलायझर नावाचं साधन सुचलं: सुमारे 14 बूथची यंत्रं जोडायची आणि एकच बेरीज बाहेर काढायची, कोणत्या वस्तीने काय केलं ते कळूच द्यायचं नाही. आयोगाने 2008 मध्ये प्रस्ताव दिला, विधी आयोगाने 2015 मध्ये पाठिंबा दिला, केंद्र सरकारला तो पटला नाही. इतका साधा, इतका शहाणा उपाय धूळ खात पडावा याचं मला अजून नवल वाटतं.

तेव्हा निकालानंतर फॉर्म 20 ची पीडीएफ मोबाइलवर फिरू लागते. बूथ क्रमांक आणि समोर उमेदवारनिहाय मतं. 2024 च्या निवडणुकांपर्यंत एका बूथला फार तर दीड हजार नावं असायची, म्हणजे दोन-तीन सोसायट्या आणि एखादी चाळ. चौकातल्या टपरीवर चहा थंड होत असतो, कुणाचं तरी बोट पडद्यावर खाली खाली सरकत एका ओळीशी थांबतं आणि तो शेजारच्याला कोपर मारतो, "हे बघ, मागची गल्ली."