तेंदूचा भाव आणि घरचा हिशोब

जमा, खर्च, हिशोब, कर्ज, बाजार, नफा हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि शाळेत मराठीत वाचता. दोन्हीकडे त्यांचा अर्थ एकच आहे. म्हणजे या पाठातील बरेचसे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. या शब्दांमागे जे गणित असते, ते आज आपण समजून घेऊ.

आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. मे महिना आला की गावोगावची माणसे पहाटेच तेंदूपत्ता तोडायला निघतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. असे एक हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. ही पाने बिडी वळण्यासाठी दूरच्या गावांना जातात. हंगाम थोड्या दिवसांचा असतो. पाऊस येण्यापूर्वी तो संपतो. पण या थोड्या दिवसांच्या मिळकतीवरच अनेक घरांचे बियाणे, खत, घराची कौले आणि मुलांची वह्या-पुस्तके अवलंबून असतात. हा पैसा गावात आला, तर किराणा दुकान चालते, शिंप्याला काम मिळते आणि आठवडी बाजारही भरतो. म्हणून ज्यांच्या घरी कोणी पाने तोडत नाही, त्यांच्या घरावरही तेंदूच्या भावाचा परिणाम होतो.

हा भाव कोण ठरवतो? झाड ठरवत नाही आणि तोडणाराही ठरवत नाही. बिडीला मागणी किती आहे, व्यापाऱ्यांकडे मागचा साठा किती शिल्लक आहे, पाने कशी आहेत आणि सरकारचा कर किती आहे, यांवर भाव ठरतो. १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. तेव्हा बिडीवर २८ टक्के आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तेंदूपत्त्यावरील दर ५ टक्के झाला, तर बिडीवरील दर १ फेब्रुवारी २०२६ पासून १८ टक्के झाला. कर वाढला की व्यापारी बोली लावताना हात आखडतो. निर्णय दिल्लीत होतो, पण त्याची झळ जंगलातल्या घरापर्यंत पोहोचते. शिवाय बिडी ही आरोग्याला घातक आहे. तिची मागणी कायम राहील असे कोणी धरून चालू नये.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका घराने हंगामात ५,००० पुडे तोडले. शंभर पुड्यांना ५०० रुपये मिळाले, तर २५,००० रुपये आले. पुढच्या वर्षी दर ४०० झाला, तर तेवढ्याच कष्टाचे २०,००० रुपये आले. त्याच वर्षी महागाई ६ टक्के वाढली, तर २५,००० रुपयांचा खर्च २६,५०० रुपयांवर गेला. मिळकतीत ५,००० रुपये कमी आणि खर्चात १,५०० रुपये जास्त, अशी ६,५०० रुपयांची तूट पडली. घरात कोणी उधळपट्टी केली नाही, कोणी आळस केला नाही. तरीही तूट आली. अशा वेळी हाताशी बचत नसेल, तर सावकाराचे दार ठोठवावे लागते.

यावर उपाय काय? पहिला उपाय म्हणजे एकाच मिळकतीवर विसंबून न राहणे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतुकीचे परवानापुस्तक गावाच्या ग्रामसभेकडे सोपवले. त्यानंतर गावाने आपला बांबू स्वतः विकला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली असाच हक्क मिळाला. तेंदूसाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगलाला आगी लागतात, हे पाहून या गावाने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले व बांबूवर भर दिला. दोन्ही गावांनी एकत्र बसून हिशोब केला आणि मग निर्णय घेतला. घरानेही असेच करावे.

दुसरा उपाय म्हणजे बचत. पण बचत मडक्यात ठेवली, तर महागाई ती हळूहळू खाते. किती वेगाने खाते, हे कळण्यासाठी एक सोपी रीत आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागा. महागाई ६ टक्के असेल, तर ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षांत रुपयाची किंमत सुमारे निम्मी होते.

हीच रीत व्याजालाही लागू पडते. १९८८ साली टपाल खात्याने किसान विकास पत्र आणले, तेव्हा त्यातील रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या दराने तिला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे अधिक लागतात. मग जुने दिवस चांगले होते काय? तसे म्हणता येणार नाही. १९९१ साली महागाईच तेरा टक्क्यांच्या वर होती. म्हणून नुसता व्याजाचा दर पाहू नका. त्यातून महागाई वजा करा. जे उरते, तीच खरी वाढ.

काही घरांत व्याज घेत नाहीत. ती सोने, शेळ्या किंवा जमीन घेतात. त्यांनीही भावाची चढ-उतार ध्यानात ठेवावी. २०१२ ते २०१५ या काळात सोन्याचा भाव उतरला होता. शेअर बाजारात तर ही चढ-उतार फार मोठी असते. मुंबईचा सेन्सेक्स जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या वर गेला होता. टाळेबंदीच्या तोंडावर, २३ मार्चला, तो २६ हजारांच्या खाली आला. जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५० हजारांचा टप्पा गाठला. ज्याला थांबता आले, तो तरला. ज्याला त्याच आठवड्यात पैसे हवे होते, त्याचे नुकसान झाले.

म्हणून हंगामाचा पैसा आला की त्याचे तीन भाग करावेत. येत्या काही महिन्यांत लागणारा पैसा बँकेच्या किंवा टपालाच्या बचत खात्यात ठेवावा. आजारपण किंवा पडता भाव यांसाठीचा पैसा वेगळा ठेवावा आणि त्याला सहसा हात लावू नये. जो पाच-सात वर्षे लागणार नाही, तोच पैसा लांबच्या गुंतवणुकीत घालावा. बँक बुडाली, तर प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा नाही.

एक सावधगिरी बाळगा. कोणी वर्षात पैसे दुप्पट करून देतो म्हणाला, तर थोडा हिशोब करा. वर्षाला शंभर टक्के नफा कोणत्या प्रामाणिक धंद्यात मिळतो, असे त्याला विचारा. पीएसीएल या कंपनीत देशभरातील कोट्यवधी लोकांनी पैसे गुंतवले होते. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये तिला ४९ हजार कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश दिला. परंतु अनेकांना पैशांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

मित्रांनो, बाजाराचा भाव आपल्या हातात नसतो. वहीतला हिशोब मात्र आपल्या हातात असतो. घरातील वडीलधाऱ्यांना लिहिता येत नसेल, तर तुम्ही लिहा. तुम्ही शिकलेल्या गणिताचा आणि भाषेचा याहून चांगला उपयोग कोणता?

शब्दार्थ
हात आखडणे – खर्च करताना मागे सरणे
झळ – त्रास, नुकसान
तूट – मिळकतीपेक्षा जास्त झालेला खर्च
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे

स्वाध्याय
१. तेंदूपत्त्याचा भाव कोणत्या गोष्टींवर ठरतो?
२. पाचगावने तेंदूपत्ता तोडणे का बंद केले?
३. महागाई ८ टक्के असेल, तर रुपयाची किंमत किती वर्षांत निम्मी होईल?
४. आपल्या घरच्या एका महिन्याचा जमा-खर्च मराठीत लिहा.